तुपाची वाटी

परळच्या जनावरांच्या इस्पितळाचं कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. गिरणगावातल्या जुन्या माणसाला हे नाव सांगितलं तर तो जरा विचारात पडेल. ‘बैलघोडा’ म्हणा, लगेच हात करून रस्ता दाखवेल. मुंबई बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवर चालत होती तेव्हा हे इस्पितळ उभं राहिलं. आता तिथे बैल-घोडे कमी, कुत्री-मांजरं जास्त. नाव मात्र लोकांनी सोडलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी तिथे केसपेपरच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे पन्नाशीचा एक माणूस होता, शिवडीकडे हातगाडी ओढणारा. त्याच हातगाडीवर गोणपाट अंथरून त्याने आपला काळा कुत्रा आणला होता. कानामागे जखम झालेली, तिच्यात अळ्या पडलेल्या. माश्या बसू नयेत म्हणून त्याने आपला पंचा ओला करून कुत्र्याच्या डोक्यावरून गुंडाळला होता, आणि दर दोन मिनिटांनी तो नीट करत होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत दहा-वीसच्या नोटा होत्या, दुमडून दुमडून चपट्या झालेल्या.

माझ्या मागे एक बाई होत्या, आपल्या कुत्रीला घेऊन आलेल्या. त्यांना ती जखम बघवेना. त्या कळवळून म्हणाल्या, “दादा, परवडत नाही तर ठेवायचं कशाला? मुक्या जिवाचे हाल होतात हो.”

तो माणूस रागावला नाही. म्हणाला, “मी कुठं ठेवलाय, ताई? आठ वर्षं झाली, हाच माझ्याकडं राहतो.”

हे पुस्तक प्राण्यांना काय खाऊ घालावं, कोणती लस कधी द्यावी, हे सांगण्यासाठी लिहायला घेतलं. पण त्या रांगेतला प्रश्न टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. खिसा रिकामा असताना प्राणी पाळावा का? पाळला तर माणूस कशाकशाला बांधला जातो? आणि त्या बाईंचा प्रश्न न्यायाचा होता का?

प्रश्न नवा नाही. १७९६ साली इंग्लंडमध्ये कुत्र्यांवर कर बसला. जॉन डेंट नावाच्या खासदाराने तो आग्रहाने मांडला होता. त्या सुमारास देशात धान्याची टंचाई होती, आणि गरिबाच्या घरचं कुत्रं माणसाच्या तोंडचा घास खातं, पिसाळतं, रोग पसरवतं, असा युक्तिवाद होता. कर झाला, पण संसदेत अनेकांना तो टोचला. शेवटी एकच साधं कुत्रं असलेल्या गरीब घराला त्यातून सूट मिळाली. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीही कोणी तरी हे कबूल केलं होतं, की ज्याच्याजवळ फारसं काही नाही त्याच्याकडून त्याचं कुत्रंही काढून घेणं हा अन्याय आहे.

यापेक्षा मोठं उत्तर एका बाईने दिलं. मारिया डिकिन लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्त्यांत जात असे. गेली होती माणसांसाठी. तिथे तिला लंगडणारी कुत्री दिसली, खरजेने सोललेली मांजरं दिसली, पाठीवर फोड घेऊन गाडी ओढणारी गाढवं दिसली. मालक निर्दय नव्हते. त्यांच्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. १९१७ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, तिने व्हाइटचॅपल भागात एका तळघरात मोफत दवाखाना उघडला. गर्दी इतकी झाली की आवरायला पोलीस लागले. चार वर्षांनी तिने घोडागाडीत बसवलेला फिरता दवाखाना काढला. तिची ‘पीपल्स डिस्पेन्सरी फॉर सिक अ‍ॅनिमल्स’ ही संस्था आजही चालू आहे. डिकिनने रांगेतल्या बाईंचा प्रश्न उलटा करून विचारला. हा गरीब प्राणी का पाळतो, असं तिने विचारलं नाही. याच्या प्राण्याला औषध का मिळत नाही, असं विचारलं.

अमेरिकेत लेस्ली अर्विन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी रस्त्यावर राहणाऱ्या, प्राणी पाळणाऱ्या माणसांशी बोलून २०१३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाचा अर्थच असा, की माझं कुत्रं नेहमी माझ्याआधी जेवतं. हे वाचायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, दादर स्थानकाबाहेर पहाटे पाचला जा. पोत्यावर झोपलेल्या माणसाच्या पायाशी कुत्रं असतं, आणि पहिला पाव कोणाला मिळतो ते दिसतं.

आपल्याकडे याचं एक जुनं चित्र आहे. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्यात फक्त भोळा भाव दिसायचा. आता त्यातली वाटी दिसते. भाकरी कुत्र्याने नेली ती नेलीच, त्यात नामदेवांना काही करावं लागलं नाही. धावावं लागलं ते तुपासाठी. घरात प्राणी ठेवण्याचंही असंच आहे. उरलंसुरलं खाऊ घालणं कोणत्याही घराला जमतं. पळापळ होते ती त्यावरच्या वाटीसाठी: लस, गोचिडाचं औषध, नसबंदी, आणि रात्री अकरा वाजता लागणारी सलाइन.

आधी भाकरीचा हिशेब करू. प्राण्याला किती खायला लागतं हे त्याच्या वजनावर ठरतं, पण सरळ पटीत नाही. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिलं, की वजन दुप्पट झालं तर शरीराची ऊर्जेची गरज दुप्पट होत नाही, साधारण १.७ पट होते. पशुवैद्य आजही त्याच सूत्राने खुराक काढतात. पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात. बाजारातल्या कोरड्या दाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला पाव किलो, महिन्याला सात-साडेसात किलो. किलोला ३०० रुपये धरले तर महिना २,२०० रुपये झाले. तीस किलोच्या लॅब्राडोरला त्याच भावाने महिना ३,७०० लागतील. गावठी कुत्रा बारा वर्षं जगला तर नुसत्या दाण्याचे तीन लाखांच्या वर होतात. पिल्लू घरी आणताना हा आकडा कोणी सांगत नाही. पिल्लू फुकट मिळालं म्हणून कुत्रा फुकट पडत नाही.

आता दुसरी बाजू. दाणे आणलेच पाहिजेत असं नाही. भात, भाकरी, अंडं, कोंबडीच्या माना-पाय-काळीज, हळद टाकून शिजवलेलं, यावर महाराष्ट्रातल्या कुत्र्यांच्या पिढ्या गेल्या. कोंबडीवाला माना आणि काळीज स्वस्तात देतो. त्यात मीठ-मसाला नको, कांदा-लसूण नको. कांद्याने कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडं नकोत, ती तुटून टोकदार होतात आणि आतड्यात घुसतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट नको. फक्त दूध-पोळीवर वाढवलेलं कुत्रं अशक्त राहतं, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. घरचं खाणं देणाऱ्याने एकदा डॉक्टरांना विचारून कॅल्शियमचं काय करायचं ते ठरवून घ्यावं. पिल्लांच्या बाबतीत तर नक्कीच.

मांजराचं वेगळं. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं, ते त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय पातळ होऊन फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत उघडकीला आला. ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि विकतचं खाणं परवडत नाही, त्या घराने मांजर पाळू नये. हे मी स्पष्ट लिहितो, कारण दूधभातावर वाढलेली, हळूहळू आंधळी होत चाललेली मांजरं प्रेमळ घरांतच असतात.

ज्या घरात पैसे मोजून वापरावे लागतात तिथे कोणतं कुत्रं आणावं, यावर माझं मत पक्कं आहे. गावठी आणावं. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला, आणि पुढे कितीतरी घरांत पग आले. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घ्यायला त्रास होतो, नाकपुड्या अरुंद, टाळू लांब. पुष्कळांना शस्त्रक्रिया लागते. डोळे बाहेर आलेले, म्हणून इजा लवकर होते. सुरकुत्यांत चिघळतं. सैबेरियात गाडी ओढायला तयार झालेला हस्की नागपुरात एसीशिवाय ठेवणं हा तर छळच आहे. हे सगळे खर्च कुत्र्याच्या जातीबरोबर घरात येतात, हप्त्यासारखे. रस्त्यावरच्या कुत्रीची पिल्लं शेकडो पिढ्या याच हवेत निवडली गेली आहेत. विकत घ्यायचंच असेल तर एवढं माहीत असू द्या, की २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तसं कोणी विकत असेल तर तो पुढची आजारपणंही तुमच्या गळ्यात घालतो आहे.

‘मग स्वस्तातला पोपट ठेवू’ असं म्हणणारी घरं आहेत. आपला हिरवा पोपट, राघू, पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तारांकित कासवाचंही तेच. पुढे जाऊ.

आता वाटीचा हिशेब. हा मला आमच्या घरात शिकावा लागला.

मी आठवीत होतो. डोंबिवलीला दीड खोलीत आम्ही पाच जण. पावसाळ्यात धाकट्या भावाने एक तपकिरी पिल्लू आणलं. आई आधी नको म्हणाली, दुसऱ्या दिवशी तिनेच त्याचं नाव मोत्या ठेवलं. आम्ही दोघा भावांनी खाऊचे पैसे जमवून स्टेशनजवळून लाल पट्टा आणला, त्याला घुंगरू होतं. तो घालून मोत्याला चाळभर मिरवलं. लशीबद्दल कोणाला माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तरी वडिलांनी त्या महिन्यात पैसे दिले असते असं वाटत नाही. तीन आठवड्यांनी मोत्याने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. तो वास आजही ओळखू येतो. आईने जिरंपाणी दिलं, तांदळाची पेज दिली. तिसऱ्या दिवशी वडील त्याला पिशवीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि पिशवी घडी करून परत आले. पट्टा त्यांनी काढून आणला होता. तो आईने कपाटावर ठेवला, आणि घर बदलेपर्यंत तो तिथेच होता.

मोत्याला पार्व्हो झाला होता हे मला फार उशिरा कळलं. हा विषाणू १९७८ च्या सुमारास ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो आतड्यातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी मारतो. आतड्याचं अस्तर सोलून निघतं, रक्त जातं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्याच वेळी विषाणू अस्थिमज्जेवर हल्ला करतो, म्हणून लढायला पांढऱ्या पेशीही उरत नाहीत. जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो. साबणाने मरत नाही, ब्लीचने मरतो. पार्व्हो झालेलं पिल्लू ज्या घरात गेलं, त्या घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये.

त्यावर लस आहे. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, सोळाव्या आठवड्यापर्यंत. इतके डोस का, असं लोक विचारतात आणि एकावर थांबतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लशीलाही हाणून पाडते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून एका डोसावर भरवसा ठेवता येत नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे दरवर्षी. रेबीजची लस ही घराचीही राखण आहे. लक्षणं दिसू लागल्यावर त्या रोगातून माणूस वाचत नाही. पार्व्होच्या उपचाराला जेवढे पैसे जातात, त्याच्या लहानशा भागात सगळ्या लशी होतात. माझं सांगणं एवढंच आहे, की पट्टा नंतर आणा.

नसबंदीचंही असंच. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. ती खूप पाणी पिते, सुस्त पडते, खात नाही, आणि लोकांना वाटतं उन्हाने झालं असेल. हा पायोमेट्रा, तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. वेळेवर केलेल्या नसबंदीने हे संकट टळतं, स्तनाच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. मांजर तर चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. एक मांजर परवडणाऱ्या घराला वर्षाच्या आत सहा होतात, मग ती पिशवीत घालून मासळी बाजारात सोडली जातात.

गोचीड हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित खर्च. गोचिडातून एर्लिचियाचा जंतू कुत्र्याच्या रक्तात जातो, ताप येतो, प्लेटलेट पडतात, एक दिवस नाकातून रक्त येतं. त्यावरचं डॉक्सिसायक्लीन हे माणसांनाही देतात ते साधं, स्वस्त औषध, पण चार आठवडे घ्यावं लागतं आणि मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. माणसाच्या डब्यातली गोळी प्राण्याला देणं हा पैसे वाचवायचा सर्वांत घातक मार्ग. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि तरीही तो दिवस येतोच, डॉक्टर आकडा सांगतात आणि आपल्या पोटात गोळा येतो. अशा वेळी बहुतेक माणसं एक तर कर्ज काढतात, नाही तर ‘उद्या येतो’ म्हणून जातात आणि येत नाहीत. लाज आडवी येते. मी वाचकाला हात जोडून सांगतो, तिथेच थांबा आणि विचारा: “डॉक्टर, माझ्याजवळ एवढे आहेत. एवढ्यात याला काय करता येईल?” हे विचारणं कमीपणाचं नाही, आणि चांगल्या डॉक्टरला ते आवडतं. कारण उत्तम आणि काहीच नाही, या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पार्व्हो झालेल्या चाळीस कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीस जणांना भरती करून शिरेतून सलाइन आणि चोवीस तासांची देखभाल, तर वीस जणांना सुरुवातीला शिरेतून सलाइन देऊन स्थिर करून पुढे बाह्यरुग्णासारखे उपचार: कातडीखाली सलाइन, उलटीचं इंजेक्शन, लांब टिकणारं प्रतिजैविक. भरती केलेल्यांपैकी अठरा वाचले, दुसऱ्या गटातले सोळा. स्वस्तातला उपाय दोन जीवांनी कमी पडला, हे खरं. पण उपचारच न मिळता घरी परतणाऱ्या पिल्लांशी तुलना केली तर ते सोळा जीव किती मोठे आहेत ते कळतं. मोत्याला पेज आणि जिरंपाणी मिळालं होतं.

काही वेळा हाताशी असलेल्या पैशांत बरं करता येत नाही. कधी कितीही पैशांत येत नाही. अशा वेळी वेदना थांबवण्यापुरतं औषध देता येतं, आणि तेही पुरत नसेल तर डॉक्टरच्या हातून झोपेतलं मरण देता येतं. आपल्याकडे पुष्कळांना हे पाप वाटतं. त्या भावनेचा मी आदर करतो. पण ‘पाप नको’ म्हणून कंबर मोडलेलं कुत्रं आठ दिवस जिन्याखाली विव्हळत ठेवणं मला जास्त क्रूर वाटतं. पैसे नसल्यामुळे हा निर्णय घ्यावा लागलेल्या माणसाला अपराधी ठरवू नये. तो शेवटपर्यंत तिथे थांबलेला असतो.

पळून जातो तो वेगळा. पाळलेलं जनावर उपाशी राहील अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हाही. हा कायदा होण्यामागे राज्यसभेत विधेयक मांडणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा हात होता. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका लशीच्याही पैशांत हा दंड भरून होतो. २०२० च्या मार्चमध्ये प्राण्यांपासून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि घरात वाढलेली कुत्री रस्त्यावर आली. लोकांनी असं करू नये म्हणून प्राणी कल्याण मंडळाला पत्रक काढावं लागलं. त्यांना सोडणारे सगळे गरीब नव्हते. चांगल्या जातीची, चांगल्या पट्ट्याची कुत्री त्यांत होती.

म्हणून रांगेतल्या बाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. प्राणी आणायचा की नाही हे ठरवताना हिशेब जरूर करावा, आणि लशीचे व नसबंदीचे पैसे समोर दिसत नसतील तर या वर्षी आणू नये. मूल हट्ट करतं म्हणून तर मुळीच नाही. नोकरी गेली आणि घरातलं कुत्रं सांभाळणं अशक्य झालं, तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधून देणं हा सोडून देण्यापेक्षा अगदी वेगळा, प्रामाणिक मार्ग आहे. पण जो जीव आधीच दाराशी येऊन राहिला आहे, आठ वर्षं हातगाडीखाली झोपला आहे, त्याच्या माणसाला ‘परवडत नाही तर ठेवायचं कशाला’ असं विचारता येत नाही. त्याने ठेवला नसता तर त्या कुत्र्याच्या कानामागच्या अळ्या कोणी बघितल्याच नसत्या.

महाराष्ट्राला हे कळत नाही असं नाही. दुष्काळ पडला की आपल्याकडे चारा छावण्या उघडतात. २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात माणसं जनावरांसोबत महिनोन्‌महिने छावण्यांत राहिली. तिथे कोणी शेतकऱ्याला म्हणालं नाही, की चारा परवडत नाही तर बैल पाळलास कशाला. मालकाची अडचण ही जनावराची शिक्षा होऊ नये, हे आपण गुराढोरांच्या बाबतीत सरकारी खर्चाने मान्य केलं आहे. बैलाचं उत्पन्न असतं आणि कुत्र्याचं नसतं, हा फरक मला माहीत आहे. पण भुकेला आणि दुखण्याला तो माहीत नसतो. प्रत्येक महापालिकेकडे गरिबाच्या कुत्र्यामांजराला स्वस्तात लस, नसबंदी आणि साधे उपचार देणारी निदान एक चांगली चालणारी जागा असली पाहिजे, आणि ही मागणी आपण नगरसेवकाकडे रस्त्या-पाण्याच्या मागणीइतक्याच गंभीरपणे केली पाहिजे.

तोवर जे आहे ते लोकांना माहीत तरी हवं. मुंबईत परळला १८८६ पासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही महाविद्यालयं आहेत. जिथे विद्यार्थी शिकतात तिथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा साधारणपणे कमी येतो आणि अनुभवी प्राध्यापक पाहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तालुक्यात आणि मोठ्या गावांत जनावरांचा दवाखाना असतो. तो गाई-म्हशींसाठीच आहे असं समजून लोक कुत्रं नेतच नाहीत. न्या, आणि विचारा.

परळला त्या दिवशी आत मदतनीसाने कुत्र्याचं तोंड धरलं, डॉक्टरांनी एकेक अळी चिमट्याने काढून ट्रेमध्ये टाकली, जखम धुतली, औषध फवारलं. हातगाडीवाला पूर्ण वेळ कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बाहेर आल्यावर रांगेतल्या बाईंनी त्याला मलमाची चिठ्ठी मागितली आणि औषध त्यांनीच आणून दिलं. पुन्हा तीन दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं.

६ जुलैला जागतिक प्राणिजन्य आजार दिन असतो, २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन. या दोन दिवसांच्या आसपास पशुवैद्यकीय महाविद्यालयांत, सरकारी दवाखान्यांत आणि प्राणिमित्र संस्थांकडे रेबीजची लस पुष्कळ ठिकाणी मोफत टोचतात. आपल्या गावात ती कुठे मिळते याची आठवडाभर आधी चौकशी करा, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना, इमारतीच्या वॉचमनना, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांना ती तारीख आणि तो पत्ता कागदावर लिहून द्या.